लॅम्पवर्क काचमणी कलाकार (अमेरिका)

लॅम्पवर्क काचमणी कलाकार हे बर्नरच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून एकेक मणी हाताने घडवणारे आणि त्या मण्यांचे दागिने तयार करून विकणारे कारागीर होत. अमेरिकेत यांपैकी अनेक जण स्वतंत्र व्यावसायिक असून निरनिराळ्या शहरांत भरणारे खुले कला महोत्सव हे त्यांच्या विक्रीचे एक प्रमुख माध्यम आहे. मणी घडवणे, दागिना गाठवणे, महोत्सवांकडे अर्ज पाठवणे, प्रवास, मंडप उभारणे, विक्री आणि हिशेब ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती किंवा एकच कुटुंब पार पाडते. मणी विक्रेत्याने स्वतः घडवलेला असणे ही या व्यवसायाची ओळख आहे आणि बहुतेक प्रतिष्ठित महोत्सवांत प्रवेश मिळण्याची ती अटही आहे. मात्र स्वतः घडवलेला मणी आणि बाजारातून विकत आणलेला मणी यांतील फरक छायाचित्रात सहज दिसत नाही. त्यामुळे हा फरक निवड समितीला आणि ग्राहकाला पटवून देणे हा या कलाकारांच्या उपजीविकेचा कळीचा प्रश्न ठरतो.

नाव व व्याप्ती

'लॅम्पवर्क' या नावातील 'लॅम्प' म्हणजे दिवा. पूर्वी तेलाच्या दिव्याची ज्योत फुंकनळीने किंवा भात्याने प्रखर करून तिच्यावर काच वितळवत असत. आज दिव्याची जागा प्रोपेन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या बर्नरने घेतली आहे, तरी जुने नाव टिकून आहे. मोठ्या भट्टीतील वितळलेल्या काचेवर काम करणारे फुंककाम आणि भट्टीत काचेचे तुकडे एकमेकांस जोडणारे काम यांहून हे तंत्र वेगळे आहे. लॅम्पवर्कसाठी लागणारी जागा व भांडवल तुलनेने कमी असते. घराच्या गॅरेजमध्ये किंवा परसातील खोलीत एका टेबलावर ही कार्यशाळा मांडता येते. एकट्या कलाकाराला हा व्यवसाय करणे शक्य होते ते याच कारणामुळे.

तयार मणी विकत आणून केवळ ओवणाऱ्या दागिनेकारांचा समावेश या संज्ञेत होत नाही.

इतिहास

पूर्वपीठिका

काचेचे मणी इ.स.पूर्व तिसऱ्या सहस्रकापासून मेसोपोटेमियात आढळतात. युरोपात व्हेनिस हे या कलेचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र बनले. आगीच्या भीतीमुळे इ.स. १२९१ मध्ये व्हेनिसमधील काचभट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलवण्यात आल्या. दिव्याच्या ज्योतीवर मणी घडवण्याच्या कामास मात्र मोठी भट्टी लागत नसे. त्यामुळे हे काम घराघरांतून चालू शकले आणि सतराव्या शतकात या कारागिरांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. बारीक मणी दोऱ्यांत ओवून त्यांच्या लडी तयार करण्याचे काम व्हेनिसच्या गल्ल्यांत बसून स्त्रिया करीत. स्थानिक बोलीत त्यांना 'इंपिरारेसे' म्हणत. जर्मनीतील लाउशा आणि बोहेमियातील याब्लोनेक ही अशीच दुसरी महत्त्वाची केंद्रे होती. इटली व फ्रान्स यांनी संयुक्तपणे मांडलेल्या 'काचमण्यांची कला' या परंपरेचा समावेश युनेस्कोने इ.स. २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला.

अमेरिकेतील वाटचाल

दीर्घकाळ अमेरिकेत काचमणी ही प्रामुख्याने युरोपातून येणारी व्यापारी वस्तू होती. काच हे एकट्या कलाकाराने स्वतःच्या कार्यशाळेत हाताळण्याचे माध्यम असू शकते, हा विचार इ.स. १९६२ नंतर तेथे रुजला. त्या वर्षी हार्वी लिटलटन यांनी ओहायो राज्यातील टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारात दोन कार्यशाळा घेतल्या. लहान भट्टीत वितळू शकेल अशी काच मिळवून देण्यात डॉमिनिक लाबिनो यांचे तांत्रिक साहाय्य महत्त्वाचे ठरले. या घटनेपासून अमेरिकन स्टुडिओ काच चळवळीचा आरंभ मानला जातो. इ.स. १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पिलचक काचविद्यालय स्थापन झाले.

या चळवळीचा आरंभीचा भर फुंककामावर होता. मण्यांकडे कलाकारांचे लक्ष वळले ते १९८० व १९९० च्या दशकांत. इ.स. १९९३ मध्ये काचमणी कलाकारांची संघटना स्थापन झाली. ती पुढे 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ग्लास बीडमेकर्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. इ.स. १९९७ मध्ये सिंडी जेनकिन्स यांचे 'मेकिंग ग्लास बीड्स' हे पुस्तक प्रकाशित झाले. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबात जपली जाणारी तंत्रे अशा पुस्तकांमुळे, अल्पकालीन वर्गांमुळे व परिषदांमुळे सर्वांसाठी खुली झाली. दुसऱ्या व्यवसायातून या कलेकडे वळणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना तिचा विशेष लाभ झाला. न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग काच संग्रहालयाने इ.स. २०१३ मध्ये काचमण्यांच्या पस्तीस शतकांचा आढावा घेणारे प्रदर्शन भरवले होते.

मणी घडवण्याची पद्धत

काच

मण्यांसाठी मुख्यतः दोन प्रकारची काच वापरतात. पहिली सोडा-चुना काच असून तिला व्यवहारात 'मऊ काच' म्हणतात. मुरानो येथे तयार होणाऱ्या सुमारे ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या रंगीत कांड्या या प्रकारात विशेष प्रचलित आहेत. दुसरी बोरोसिलिकेट काच होय. ती अधिक तापमानाला मऊ होते आणि तापमानातील बदल अधिक सहन करते.

दोन प्रकारच्या काचा एका मण्यात वापरायच्या असल्यास त्यांचे औष्णिक प्रसरण जुळावे लागते. तापमान एका अंश सेल्सियसने वाढले असता मुरानोची मऊ काच दर एक कोटी भागांमागे सुमारे १०४ भागांनी लांबते, तर बोरोसिलिकेट काच सुमारे ३३ भागांनी. या दोन्ही काचा एकत्र वितळवल्यास मणी थंड होताना त्या कमीअधिक प्रमाणात आकसतात आणि मणी तडकतो. त्यामुळे कार्यशाळेत निरनिराळ्या काचांच्या कांड्या काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात.

रंग हे काचेत मिसळलेल्या धातूंवर व त्यांच्या संयुगांवर अवलंबून असतात. कोबाल्टमुळे निळा रंग येतो. काही गुलाबी व माणिकरंगी काचांत सोन्याचे संयुग असते, म्हणून त्या कांड्या महाग असतात. चांदीयुक्त काच ज्योतीतील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार रंग पालटते. त्यामुळे त्याच कांडीपासून घडवलेले दोन मणीही हुबेहूब सारखे होतीलच असे नाही.

ज्योतीवरील काम

मणी पोलादाच्या बारीक सळीभोवती घडवतात. सळीची जाडी तेवढेच मण्याचे छिद्र होते. दागिन्यांसाठी १.६ किंवा २.४ मिलिमीटर जाडीच्या सळ्या सामान्यतः वापरतात. काच पोलादाला चिकटून बसू नये म्हणून सळीला प्रथम चिकणमातीसारखा लेप देऊन तो वाळवतात. कलाकार एका हाताने कांडीचे टोक ज्योतीत वितळवतो आणि दुसऱ्या हाताने सळी सतत फिरवत त्यावर काच गुंडाळतो. फिरवणे क्षणभर थांबले तरी वितळलेली काच गुरुत्वाकर्षणाने एका बाजूला लोंबते आणि मणी बेढब होतो.

मूळ मणी तयार झाल्यावर त्यावर नक्षी करतात. त्यासाठी काच ओढून केसासारखे धागे बनवतात. या धाग्यांनी ठिपके व रेषा काढतात आणि टोकदार अवजाराने रेषा ओढून पिसांसारखे आकार साधतात. रंगीत काचेचे फूल मांडून त्यावर पारदर्शक काचेचा थर दिल्यास ते फूल मण्याच्या आत तरंगल्यासारखे दिसते. साधा मणी काही मिनिटांत होतो, तर अनेक थरांच्या मण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. मणी पूर्ण होण्याच्या बेतात असताना तडकल्यास तो सर्व वेळ वाया जातो.

मण्याच्या दर्जाची एक खूण त्याच्या छिद्राच्या कडांत असते. चांगल्या मण्याच्या दोन्ही टोकांना कडा आत वळून गुळगुळीत खळगा तयार झालेला असतो. धारदार कडा दोरा किंवा तार कापते आणि दागिना तुटतो.

अनुशीतन

तप्त मणी हवेत थंड होऊ दिला तर त्याचा पृष्ठभाग आतल्या भागाआधी आकसतो आणि काचेत ताण साठतो. असा मणी लगेच, किंवा काही महिन्यांनी ग्राहकाच्या गळ्यातही फुटू शकतो. हे टाळण्यासाठी मणी ज्योतीवरून थेट विद्युत भट्टीत ठेवतात. तेथे मऊ काचेसाठी सुमारे ५०० ते ५२० अंश सेल्सियस तापमान काही काळ स्थिर राखतात आणि नंतर काही तासांत ते हळूहळू उतरवतात. या प्रक्रियेस अनुशीतन म्हणतात. अनुशीतन झालेला आणि न झालेला मणी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ग्राहकाला या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते.

दागिना गाठवणे

थंड झालेले मणी सळीवरून उतरवून त्यांची छिद्रे पाण्याखाली घासून स्वच्छ करतात. त्यानंतर ते तार, रेशीम, कातडी दोरी किंवा चांदीची साखळी यांत गुंफून माळा, कंकणे व कर्णभूषणे तयार करतात. अनेक कलाकार चांदीच्या कड्या व हुकही स्वतः घडवतात. डेन्मार्कच्या पँडोरा कंपनीने इ.स. २००० मध्ये बदलत्या मण्यांचे कंकण बाजारात आणल्यानंतर मोठ्या छिद्राच्या, चांदीचा गाभा बसवलेल्या मण्यांना मागणी वाढली. त्याबरोबर त्याच प्रकारच्या कारखानी मण्यांची स्पर्धाही वाढली.

कला महोत्सव

स्वरूप व वेळापत्रक

अमेरिकेतील खुल्या कला महोत्सवांची परंपरा प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. शिकागोतील ५७ वा रस्ता कला मेळा इ.स. १९४८ मध्ये आणि त्याच शहरातील ओल्ड टाउन कला मेळा इ.स. १९५० मध्ये सुरू झाला. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर व फ्लोरिडातील विंटर पार्क येथील महोत्सव इ.स. १९६० पासून, मायामीतील कोकोनट ग्रोव्हचा महोत्सव इ.स. १९६३ पासून, टेक्ससमधील फोर्ट वर्थचा इ.स. १९८६ पासून, तर डेन्व्हरमधील चेरी क्रीक महोत्सव इ.स. १९९१ पासून भरतो. यांखेरीज अमेरिकन क्राफ्ट कौन्सिलतर्फे बाल्टिमोर येथे इ.स. १९७७ पासून बंदिस्त सभागृहात हस्तकला प्रदर्शन भरते.

महोत्सवांचे वेळापत्रक हवामानानुसार ठरते. हिवाळ्यात फ्लोरिडा व ॲरिझोना, वसंतात टेक्सस, उन्हाळ्यात मध्य-पश्चिमेकडील राज्ये व रॉकी पर्वताचा प्रदेश, शरदात पूर्वेकडील राज्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळनिमित्तच्या बंदिस्त बाजारपेठा असा साधारण क्रम असतो. पूर्णवेळ कलाकार माल, मंडप व मांडणीचे साहित्य व्हॅनमध्ये भरून या क्रमाने फिरतात. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील घरी असलेले कलाकार एका दिवसाच्या अंतरातील महोत्सवांपुरतेच मर्यादित राहतात. साहजिकच त्यांना महोत्सवांची निवड करण्यास फारसा वाव नसतो.

निवडप्रक्रिया

प्रतिष्ठित महोत्सवांत जागा पैसे भरून थेट मिळत नाही. कलाकाराने काही महिने आधी अर्ज करावा लागतो आणि निवड समिती अर्जदारांतून सहभागींची निवड करते. पूर्वी त्यासाठी ३५ मिलिमीटरच्या स्लाइड टपालाने पाठवत असत. इ.स. २००० नंतरच्या दशकात ही प्रक्रिया संगणकीय झाली. पश्चिमेकडील राज्यांच्या कला महासंघाने विकसित केलेली 'झॅप' ही अर्जप्रणाली आज अनेक महोत्सव वापरतात.

अर्जासोबत सामान्यतः कलाकृतींची तीन ते पाच छायाचित्रे आणि मांडणी केलेल्या मंडपाचे एक छायाचित्र द्यावे लागते. समितीपुढे कलाकाराचे नाव येत नाही. एका अर्जदाराची सर्व छायाचित्रे एकत्र पडद्यावर दाखवली जातात आणि त्यांवर गुण देण्यास परीक्षकांना फार थोडा वेळ मिळतो. काही महोत्सव १ ते ७ अशी गुणपद्धती वापरताना मधला ४ हा अंक मुद्दाम वगळतात, जेणेकरून परीक्षकाला स्पष्ट कौल द्यावा लागेल.

दागिने हा सर्वाधिक चुरशीचा विभाग मानला जातो. चित्रकला, मृत्पात्री व काष्ठकाम यांच्या तुलनेत दागिन्यांचे अर्ज बहुधा अधिक येतात आणि समतोल राखण्यासाठी आयोजक त्या विभागातील जागा मर्यादित ठेवतात. त्यामुळे काम उत्तम असूनही अर्ज नाकारला जाणे किंवा प्रतीक्षायादीत नाव लागणे ही नित्याची बाब आहे. एखाद्या वर्षी निवड झाली म्हणून पुढील वर्षी ती होईलच असे नसते. अनेक महोत्सवांत पुरस्कारप्राप्त कलाकारांना पुढील वर्षी निवडीशिवाय आमंत्रण मिळते. पुरस्काराच्या रकमेपेक्षाही ही एका वर्षाची निश्चिती अनेकांना मोलाची वाटते.

मंडप व मांडणी

प्रत्येक कलाकारास सामान्यतः १० फूट × १० फूट जागा मिळते. तीवर पांढऱ्या कापडाचा घडीचा मंडप उभारतात. डांबरी रस्त्यावर खुंट्या ठोकता येत नसल्याने मंडपाच्या प्रत्येक पायाला वजने बांधावी लागतात. वादळी वारा हा या व्यवसायातील मोठा धोका आहे. एक मंडप उलटला तर त्यातील काचेच्या वस्तूंबरोबर शेजारच्या मंडपांचेही नुकसान होते.

मणी लहान असल्याने रस्त्यावरून जाणाऱ्याचे लक्ष त्याकडे वेधले जात नाही. यासाठी कलाकार दूरवरून दिसणारी मोठी छायाचित्रे, नजरेच्या उंचीवरील पेट्या, आरसे व बॅटरीवर चालणारे दिवे वापरतात. मंडपात ज्योत पेटवून प्रात्यक्षिक दाखवल्यास लोक थांबतात, परंतु गॅस सिलिंडर व उघडी ज्योत यांवरील अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे अनेक ठिकाणी त्यास परवानगी नसते. त्याऐवजी घडवण्याची चित्रफीत किंवा अर्धवट घडवलेला, सळीवरचा मणी ठेवण्याची पद्धत आहे.

अर्थव्यवहार

महोत्सवाचा खर्च विक्रीपूर्वीच सुरू होतो. प्रत्येक अर्जासाठी साधारणतः २५ ते ५० डॉलर शुल्क भरावे लागते आणि निवड न झाल्यास ते परत मिळत नाही. जागेचे शुल्क काहीशे डॉलरपासून मोठ्या महोत्सवांत हजार डॉलरहून अधिक असते. त्यात प्रवास, निवास, विमा, पार्किंग आणि कार्डाद्वारे होणाऱ्या विक्रीवरील सुमारे ३ टक्के आकार यांची भर पडते. बहुतेक राज्यांत विक्रीकर गोळा करून तो त्या त्या राज्यात भरावा लागतो. त्यामुळे पाच राज्यांत फिरणाऱ्या कलाकारास पाच निराळ्या नोंदी ठेवाव्या लागू शकतात.

हिशेबाचे स्वरूप पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. समजा, दोन दिवसांच्या महोत्सवात ३,००० डॉलरची विक्री झाली. अर्जशुल्क ४०, जागेचे शुल्क ६००, प्रवास व निवास ५००, कार्ड-आकार ९० आणि काच, वायू व चांदी यांचा खर्च ३०० डॉलर, असा एकूण १,५३० डॉलर खर्च वजा जाता १,४७० डॉलर उरतात. विक्रीचे दोन, प्रवासाचे दोन, उभारणीचा एक आणि तेवढा माल घडवण्याचे दहा असे पंधरा दिवस धरल्यास प्रतिदिन ९८ डॉलर पडतात. यात नाकारलेल्या अर्जांचे शुल्क धरलेले नाही. या रकमेतून आयकर आणि स्वयंरोजगारितांचा १५.३ टक्के दराचा सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय कर भरावा लागतो. नोकरदाराच्या बाबतीत या कराचा अर्धा भाग मालक भरतो, स्वतंत्र कलाकाराला तो संपूर्ण भरावा लागतो. आरोग्यविम्याची व्यवस्थाही त्याला स्वतःच करावी लागते. त्यामुळे अनेक कुटुंबांत जोडीदाराची नोकरी हाच या कलेचा अदृश्य आधार असतो.

विक्रीतील चढउतार सौम्य करण्यासाठी मंडपात निरनिराळ्या किमतींच्या वस्तू ठेवतात. कर्णभूषणांसारख्या कमी किमतीच्या वस्तूंवर जागेचे शुल्क भरून निघते. मोठ्या, एकमेवाद्वितीय माळा क्वचितच विकल्या जातात, परंतु निवड समितीपुढील छायाचित्रांत त्याच असतात आणि कलाकाराची ओळखही त्यांच्यावरूनच ठरते. अशा रीतीने ज्या कामामुळे प्रवेश मिळतो ते काम आणि ज्यावर घर चालते ते काम ही बहुधा वेगवेगळी असतात. उत्पन्नाला जोड म्हणून अनेक कलाकार वर्ग घेतात किंवा सुटे मणी इतर दागिनेकारांना विकतात.

स्वनिर्मितीचा प्रश्न

बहुतेक निवडप्रधान महोत्सवांच्या नियमांनुसार विक्रीस ठेवलेली वस्तू कलाकाराने स्वतः घडवलेली असावी लागते. बाजारातून आणलेले मणी केवळ ओवून केलेले दागिने अनेक महोत्सव स्वीकारत नाहीत. कलाकाराने महोत्सवाच्या सर्व दिवशी छायाचित्र असलेल्या ओळखपत्रासह स्वतः उपस्थित राहावे, त्याच्या वतीने प्रतिनिधी चालणार नाही, असाही नियम असतो. या नियमांमुळे कलाकारास संरक्षण मिळते. त्याचबरोबर आजारपण, बाळंतपण किंवा कुटुंबातील अडचण यांमुळे तो येऊ शकला नाही, तर दुसऱ्याला पाठवून विक्री करण्याचा मार्ग त्याला बंद असतो. ठरावीक तारखेनंतर माघार घेतल्यास जागेचे शुल्कही सहसा परत मिळत नाही.

नियमांची अंमलबजावणी अवघड असते. अर्जातील छायाचित्रे स्वनिर्मित मालाची आणि मंडपातील माल मात्र खरेदी केलेला, असे प्रकार घडल्याच्या तक्रारी कलाकारांच्या वर्तुळात वारंवार होतात. संशय आल्यास आयोजक घडवण्याच्या प्रक्रियेची छायाचित्रे मागतात. तरीही शेकडो मंडपांची तपासणी दोन दिवसांत करणे कठीण असते आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यास कलाकारही कचरतात.

संगणकीय बाजारपेठेतही हाच प्रश्न उपस्थित झाला. इ.स. २००५ मध्ये हस्तनिर्मित वस्तूंसाठी सुरू झालेल्या एट्सी या संकेतस्थळाने इ.स. २०१३ मध्ये आपले नियम बदलून विक्रेत्यांना बाहेरील उत्पादकांचे साहाय्य घेण्याची मुभा दिली. 'हस्तनिर्मित' या शब्दाचा अर्थ त्यामुळे सैल झाला, असा आक्षेप अनेक कारागिरांनी घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चीन व भारत येथून अमेरिकेत येणारे स्वस्त लॅम्पवर्क मणीही बहुतांशी हातानेच, ज्योतीवर घडवलेले असतात. अमेरिकन कलाकाराच्या मण्याहून त्यांचे वेगळेपण यंत्राच्या वापरात नाही. ते मजुरीच्या दरात, नक्षीच्या कर्तृत्वात आणि कारागिराचे नाव मण्यासोबत ग्राहकापर्यंत पोहोचते की नाही यात आहे. म्हणूनच 'हाताने घडवलेला' एवढेच सांगणे विक्रीस पुरेसे ठरत नाही आणि घडवणाऱ्याने स्वतः ग्राहकासमोर उभे राहण्यास महत्त्व येते.

आरोग्य व सुरक्षितता

तप्त काचेतील सोडियममुळे ज्योतीत सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रखर पिवळा प्रकाश निर्माण होतो. त्यामुळे मणी नीट दिसत नाही. निओडिमियम व प्रासिओडिमियम यांचा अंश असलेल्या काचेचे चष्मे हा पिवळा प्रकाश गाळतात. बोरोसिलिकेट काचेवर काम करताना याहून गडद संरक्षक चष्मे आवश्यक असतात.

ज्योतीतून नायट्रोजनची ऑक्साइडे व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. काही रंगांतील धातूंची वाफही अपायकारक असते. यासाठी धूर बाहेर ओढणारा पंखा आणि ताजी हवा आत येण्याचा मार्ग या दोन्हींची आवश्यकता असते. सळीवरील लेपाची कोरडी धूळ फुप्फुसांस घातक असल्याने मण्यांची छिद्रे कोरडी न घासता पाण्याखाली घासतात. भाजणे हा नेहमीचा अपघात होय. सतत सळी फिरवल्याने मनगटे व खांदे यांचे दुखणे जडते. वजने, पेट्या व मंडप उचलल्याने कंबरेवर ताण येतो. वाढत्या वयात अनेक कलाकार महोत्सव कमी करतात ते मणी घडवता येत नाहीत म्हणून नव्हे, तर मंडप उभारणे झेपत नाही म्हणून.

आपत्ती व आधार

वादळामुळे महोत्सव मध्येच बंद करावा लागल्यास जागेचे शुल्क बहुधा परत मिळत नाही. हस्तकलाकारांना अशा संकटांत साहाय्य करण्यासाठी इ.स. १९८५ मध्ये कलाकारांनीच एक साहाय्यनिधी स्थापन केला. तो आज 'सर्फ प्लस' या नावाने ओळखला जातो. आग, पूर, आजारपण यांसारख्या आपत्तींत तो कारागिरांना मदत देतो आणि कार्यशाळेचा विमा व पूर्वतयारी यांविषयी मार्गदर्शनही करतो.

इ.स. २०२० मधील कोरोना महासाथीत ॲन आर्बर व चेरी क्रीक यांसह असंख्य महोत्सव रद्द झाले आणि केवळ महोत्सवांवर अवलंबून असलेल्या कलाकारांचे उत्पन्न एकाएकी थांबले. एरवी स्वयंरोजगारितांना बेकारी भत्ता मिळत नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये संमत झालेल्या केअर्स कायद्याने त्यांच्यासाठी तात्पुरती विशेष योजना सुरू केली. या काळात अनेक कलाकार थेट प्रक्षेपणाद्वारे विक्रीकडे व शिकवण्याकडे वळले. महोत्सव पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांपैकी काहींनी हे मार्ग चालू ठेवले.

भारत व महाराष्ट्राशी संबंध

उत्तर प्रदेशातील वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर ही ज्योतीवर मणी घडवण्याची भारतातील प्रमुख केंद्रे आहेत. तेथील मणी अमेरिकेसह अनेक देशांत निर्यात होतात. अमेरिकन महोत्सवांतील कलाकारांना ज्या आयात मण्यांशी स्पर्धा करावी लागते, त्यांत या निनावी कारागिरांच्या कामाचाही वाटा आहे.

महाराष्ट्रात काचमण्यांची परंपरा प्राचीन आहे. नेवासे, तेर आणि कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचेचे मणी सापडले आहेत. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने इ.स. १९६९ मध्ये प्रकाशित केला. मंगळसूत्रातील काळी पोत हे महाराष्ट्रातील काचमण्याचे सर्वाधिक परिचित रूप होय. या परंपरेत मणी घडवणारा आणि दागिना गाठवणारा पटवेकरी हे भिन्न कारागीर असतात. अमेरिकन लॅम्पवर्क कलाकार मात्र घडवणे, गाठवणे व विकणे ही तिन्ही कामे एकट्याने करतो. मुंबईत इ.स. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवातही हस्तकलेच्या विक्रीसाठी गाळे असतात.

हे सुद्धा पहा

काच
मणी
मंगळसूत्र
मुरानो
काळा घोडा कला महोत्सव
हस्तकला